मामांचं शिकागो, ताईची बहिणाबाई

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज गाण्याला खान्देशात सोयरं कोण, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक मामांचा. मामा जळगावचे. त्यांचं आयुष्य जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेलं. चिमूटभर रुई बोटांनी ओढून धाग्याची लांबी सांगणारा माणूस. तरुणपणी ते रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकाचा जॅझचा कार्यक्रम ऐकायचे. निवेदक विलिस कॉनोव्हर सावकाश, सोपं इंग्रजी बोलायचा, म्हणून समजायचं. नाद लागला तो तिथून. दुसरा पक्ष माझ्या ताईचा. ती धुळ्याला कॉलेजात मराठी शिकवते. बहिणाबाई चौधरी म्हणजे खान्देशचा ब्लूज, असा निबंध तिने चर्चासत्रासाठी लिहिला आणि मसुदा मामांना वाचायला दिला. पुढचं बोलणं तिथून सुरू झालं. मी ऐकत होतो, मधूनमधून माझंही मत दडपतो आहे.

मामा: निबंध चांगला आहे. शीर्षक तेवढं खोटं.

ताई: शीर्षकावरच तर निबंध उभा आहे, मामा.

मामा: म्हणूनच म्हणतो. तू लिहिलंस, ब्लूज हे दुःखाचं गाणं, बहिणाबाईंनीही दुःख गायलं, म्हणून दोन्ही एक. असं म्हटलं तर जगातलं अर्धं गाणं ब्लूजच निघेल. दुःखावर कुणाचा सातबारा आहे का?

ताई: बरं. मग तुम्ही कुठून सुरुवात केली असती?

मामा: कापसापासून. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतली बंदरं उत्तरेच्या आरमाराने कोंडली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग गोऱ्यांना आपली आठवण झाली. खान्देश, वऱ्हाड, धारवाड. भाव असे चढले की व्यापाऱ्यांनी कापसात पाणी आणि माती मिसळायला सुरुवात केली. ती थांबवायला मुंबई सरकारला १८६३ साली वेगळा कायदा करावा लागला. आमच्या धंद्यातली लबाडी तेव्हापासून सरकारदरबारी नोंदलेली आहे! त्याच चार-पाच वर्षांत जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. रेल्वेही त्याच दशकात आली. युद्ध संपलं, भाव कोसळले, गाव हादरलं, पुन्हा उभं राहिलं. मिसिसिपीच्या रानात ज्यांच्या पाठीवर चाबूक होता, ते मोकळे होण्याच्या लढाईत आपल्या गावाचं नशीब उघडलं. नातं असेल तर हे आहे.

ताई: हे मी निबंधात घेते. पण यानं माझंच म्हणणं बळकट होतं. तिथे कापूस, इथे कापूस. तिथे राबणारी माणसं गायली, इथे बहिणाबाई गायल्या. १८८० ला असोद्याला जन्म, तेराव्या वर्षी जळगावात चौधरींच्या घरात लग्न, तिशीत वैधव्य, मग शेतात राबणं आणि राबताना गाणं. अक्षरओळख नाही. हात पाहणारा ज्योतिषी दारात येतो तर त्याला त्या परत पाठवतात, माझं दैव मला कळतं, तू माझ्या दारी येऊ नकोस, अशा अर्थाचं गाणं आहे. याहून वेगळं काय असतं ब्लूजमध्ये?

मामा: शेत कुणाचं होतं?

ताई: म्हणजे?

मामा: ज्या शेतात बहिणाबाई राबल्या ते शेत चौधरींचं. गरिबी आली, कष्ट आले, पण जमीन घरची. म्हणून त्यांच्या गाण्यात मातीवर माया आहे. पेरणी, मोट, उफणणी, खोप्यातली सुगरण, सगळ्यांकडे त्या आपलेपणाने बघतात. मिसिसिपीच्या गड्याला त्या मातीची माया कशी यावी? गुलामी कागदावर संपली, मग वाट्याने शेती आली. जमीन मालकाची, बी-बियाणं मालकाच्या दुकानातून उधार, डिसेंबरात हिशेब, वही मालकाच्या हातात. कापूस कितीही पिको, वर्षअखेर गडी देणेकरीच. तो शेताची ओवी गात नाही. तो आगगाडीचं गाणं गातो.

ताई थांबली. मामांच्या या वाक्यात दम होता, कारण ब्लूजच्या इतिहासातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट स्टेशनावरच घडते. १९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी नावाचा शिकलेला काळा बँडमास्तर मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर उशीर झालेल्या गाडीची वाट पाहत होता. शेजारी फाटक्या कपड्यातला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गाऊ लागला. दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे मी चाललो, एवढंच ते गाणं, तीच ओळ तीनदा. हँडीने तसलं संगीत याआधी ऐकलं नव्हतं. १९१२ ला त्याने ‘मेम्फिस ब्लूज’ छापलं आणि शेतातलं, स्टेशनावरचं हे गाणं स्वरलिपीत बसून बाजारात आलं.

ताई: ठीक आहे, शेताचा मुद्दा तुमचा. आता बांधणीकडे या. मी कानाने बोलते. ब्लूजचं कडवं तीन ओळींचं. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचं. जात्यावर दोघी बसल्या की काय होतं? एक ओळ टाकते, दुसरी तीच उचलते, तेवढ्या वेळात पहिलीला पुढची सुचते. ओळ पुन्हा म्हणणं ही दोन्हीकडे सुचायला मिळालेली उसंत आहे.

मामा: हे मात्र छान पकडलंस! हे निबंधात वर आण. आणि हिशेब नीट मांड, आपल्या लोकांना कळेल असा. एका ओळीला चार माप, मापाला चार मात्रा, म्हणजे सोळा. तीन ओळींच्या अठ्ठेचाळीस. तीनतालाची तीन आवर्तनं झाली की एक कडवं. पहिली ओळ षड्जाच्या घरात. दुसऱ्यांदा तीच ओळ येते तेव्हा खालची जमीन मध्यमावर सरकलेली असते, म्हणून शब्द तेच असून नवे वाटतात. तिसरी पंचमावरून उतरत घरी येते. आणि गाणारा आवर्तनभर गात नाही. अर्ध्यात थांबतो. उरलेल्या अर्ध्यात गिटार त्याला जबाब देते.

ताई: आणि तो गंधार.

मामा: हं, तो गंधार. धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. पियानोत तो सापडत नाही, दोन पट्ट्यांच्या फटीत पडतो. म्हणून तर तारेवर सुरी नाहीतर बाटलीची मान घासायची, मींड काढून तिथे पोचायचं. आपल्या कानाला त्याचं नवल नाही. पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी ओळखीचं रडतंय आणि त्याच वेळी डोळा मारतंय.

ताई: मग बहिणाबाई...

मामा: बहिणाबाईंचा गंधार कसा होता, सांग.

ताईकडे याला उत्तर नव्हतं आणि ते कुणाकडेही नाही. मिसिसिपीचा चार्ली पॅटन १९२९ साली पॅरामाउंट कंपनीसाठी गायला. ही कंपनी विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. ते ग्रामोफोनची लाकडी कपाटं करायचे, कपाटं खपावीत म्हणून तबकड्याही काढू लागले. काळ्या गिऱ्हाइकांसाठी काळ्या गायकांच्या तबकड्या, कारण पाऊण डॉलर त्यांच्याही खिशात होता. धंदाच तो. गाण्यांचे हक्क आणि नफा बहुतेक कंपन्यांकडे राहिला. पण त्या धंद्यामुळे पॅटनचा घोगरा आवाज खरखरीतून आजही ऐकू येतो. बहिणाबाईंचं उलट झालं. मुलगा सोपानदेव, स्वतः नावाजलेला कवी. त्याने आणि घरातल्या मावसभावाने गाणी ऐकून वहीत उतरवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या, मग वही आचार्य अत्र्यांसमोर आली आणि १९५२ ला ‘बहिणाबाईंची गाणी’ निघालं. शब्द राहिले, लेवा गणबोलीच्या लहेजासकट. चाल राहिली नाही. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ही गाणी महाराष्ट्रभर पोचली, पण त्या चाली वसंत पवारांच्या. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्या विद्यापीठात तो आवाज मात्र कुणी ऐकवू शकणार नाही.

ताई: आवाज नसला म्हणून गाणं कमी होत नाही. आणि तुम्ही सारखा पॅटनच का काढता? ब्लूजची पहिली गाजलेली तबकडी बाईची आहे. मेमी स्मिथ, ‘क्रेझी ब्लूज’, ऑगस्ट १९२०. मग १९२३ ला बेसी स्मिथ आणि मा रेनी. पहिल्या दशकात ब्लूज म्हणजे बायकांचाच बाजार होता. गिटारवाले बाप्ये नंतर आले. नवरा मारतो, नवरा सोडून गेला, मीच त्याला सोडलं, हे त्या चारचौघांत म्हणाल्या. आपल्याकडे हे बाईनेच म्हटलंय, जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे भागातून सुरुवात करून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात सासू आहे, मार आहे, दारू आहे, भावाने न नेलेलं माहेर आहे. आणि आपली आखाजी? अक्षय्यतृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, झोक्यावर बसून सासरच्यांची सालं काढतात. एकीने म्हणायचं, सगळ्यांनी उचलायचं. याला तुम्ही काय म्हणाल?

मामा: याला मी फार चांगलं गाणं म्हणेन. पण झोका परत त्याच जागी येतो, बेटा. आखाजी संपली की पोरगी परत सासरी. बेसी स्मिथ तंबूतल्या खेळाबरोबर गावोगाव फिरत होती, तिची स्वतःची कमाई होती, पुढे तर तिने स्वतःसाठी रेल्वेचा डबा घेतला. ती नवऱ्याला सोडून जाईन म्हणते तेव्हा ती खरंच जाऊ शकते. जात्यावरची बाई जाऊ शकत नाही, म्हणून ती जात्याशी बोलते. मी तिला कमी लेखत नाही. ती वेगळ्या जागी अडकली आहे, एवढंच. आणि पिठाची गिरणी आली त्या दिवशी तिचं गाणं बंद पडलं. ब्लूजवर यंत्र आलं तेव्हा त्याने यंत्राची तार गिटारीला जोडली.

इथे मला मामांचं पूर्ण पटत नाही. गिरणी आल्यावर पहाटेची झोप मिळाली, हे बायकांनी आनंदाने सांगितलेलं मी ऐकलं आहे. गाणं गेलं म्हणून हळहळणारे बहुधा दळण न दळलेले असतात. पण गाणं माणसाबरोबर प्रवासाला निघू शकलं की कामाच्या जागीच खुंटलं, हा प्रश्न खरा आहे.

ताई: तुमच्या मनात काहीतरी आहे. सरळ सांगा. खान्देशचा ब्लूज कोणता?

मामा: सुरतचा डीजे.

ताई: मामा!

मामा: हसू नको. १९१० ते १९७० या साठ वर्षांत दक्षिणेतून साठ लाख काळी माणसं उत्तरेला गेली. मिसिसिपीवाल्यांची गाडी ठरलेली, इलिनॉय सेंट्रल, उतरायचं शिकागोला. मडी वॉटर्स हा स्टोव्हॉलच्या मळ्यावरचा गडी. १९४१ ला लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन त्याच्या झोपडीत गेला, त्याचं गाणं घेतलं, त्याने स्वतःचा आवाज पहिल्यांदा बाहेरून ऐकला. दोन वर्षांत तो शिकागोत. दारूच्या गुत्त्यात कलकलाटात साधी गिटार कोण ऐकणार? इलेक्ट्रिक घेतली. आता इकडे बघ. ताप्ती लाइन. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, सुरत. पाऊस दगा देतो, कपाशी बुडते, पोरगा गाडीत बसतो. सुरतेतलं लिंबायत, उधना, पांडेसरा. लूमवर बारा तास. तिथे आपली अहिराणी बोलणारी माणसं वस्त्यावस्त्यांनी आहेत, कानबाईचे रोट सुरतेत होतात. आणि अहिराणी गाणं आज कुठे जिवंत आहे? तुझ्या चर्चासत्रात? हळदीच्या रात्री, डीजेच्या भिंतीसमोर. यूट्यूबवर. ‘हाई झुमकावाली पोर’ या गाण्यावर अहिराणीचा एक शब्द न कळणारी माणसं पार पुण्या-मुंबईच्या लग्नांत नाचली.

ताई: ती नाचायची गाणी आहेत, मामा. पोरगी, झुमका, गाडी, लगन. यात वेदना कुठे आहे?

मामा: ब्लूजही नाचायचंच गाणं होतं! हेच तर तुझ्या निबंधात नाही. शनिवारी रात्री मळ्याच्या कडेला एखाद्या खोपटात दारू, जुगार, तळलेले मासे आणि पहाटेपर्यंत नाच. त्यासाठी वाजायचं ते. आठवडाभर वाकलेल्या पाठीने रात्रभर कंबर हलवायची. ही दुःखी गाणी आहेत असं नंतर शहरातल्या शिकलेल्यांनी ठरवलं, खुर्चीत बसून, दिवे मंद करून. मुंबईला मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूजचा महोत्सव भरू लागला, पहिल्या वर्षी ब्लूजवाला बडी गाय येऊन गेला. तो काय मळभ घेऊन आला होता? लोकांना हसवलं, नाचवलं त्याने.

ताई: नाच मान्य. पण त्या नाचाच्या गाण्यांत पूर होता, कीड होती, तुरुंग होता. तुमच्याच पॅटनने १९२७ च्या मिसिसिपीच्या पुरावर गाणं केलं. बोंडातल्या भुंग्यावर केलं. तुमच्या डीजेला २०१७ ची गुलाबी बोंडअळी दिसली का? जळगाव-धुळ्यात उभी शेतं नांगरून टाकली लोकांनी. एक तरी गाणं दाखवा.

मामा गप्प झाले. हा मुद्दा त्यांच्या धंद्यातला होता, म्हणून जास्त लागला असावा. बोंड पोखरणारा तो भुंगा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोकडून टेक्सासात शिरला, वर्षागणिक पूर्वेला सरकत १९०७ ला मिसिसिपीत पोचला आणि कापसाची अख्खी दुनिया त्याने पोखरली. काळ्या गायकांच्या गाण्यांत तो खलनायक नाही. तो घर शोधत फिरणारा बेघर पाहुणा आहे, मालकाला पुरून उरणारा. अलाबामातल्या एंटरप्राइज गावाने तर १९१९ साली त्या भुंग्याचं स्मारक बांधलं, कारण त्याच्यामुळे त्यांना कापूस सोडून भुईमुगाकडे वळावं लागलं आणि ते फायद्यात आलं. आपल्याकडे २०१७ ला पंचनामे झाले, मोर्चे निघाले, बियाणं कंपन्यांवर आरोप झाले. गाणं माझ्याही कानावर आलं नाही.

मामा: नाही दाखवता येत.

ताई: मग? आणि जातीचं काय? ब्लूज काळ्यांचं. फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्यांना. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या माणसाने नातं नेमकं कुठे आहे ते सांगून ठेवलंय. त्या हिशेबाने ब्लूजचा सोयरा आंबेडकरी जलसा. वामनदादा कर्डक. सुरत नाही आणि, चला, बहिणाबाईही नाही.

मामा: वामनदादा मोठा माणूस. पण त्यांचं गाणं सभेला उठवतं. समोर माणसं आहेत, त्यांना उद्या काही करायचं आहे. ते १९६० च्या दशकातल्या काळ्यांच्या मोर्चाच्या गाण्यांचे भाऊ. ब्लूजवाला कुणाला उठवत नाही. तो एकटा आहे, फार तर उद्याच्या गाडीचं बघतो. मालकाला शिवीसुद्धा सरळ देत नाही, देऊ शकत नव्हता, जीव गेला असता. म्हणून कधी मालकाला बाई करतो. ती मला छळते, माझं सगळं घेते, मी आता तिला सोडून चाललो. ऐकणाऱ्यांना कळतं ही ‘ती’ कोण.

ताई: आपल्याकडे असा एकटा गाणारा कोण होता?

मामा: होता. आपल्याच घरी.

ताई: कोण?

मामा: सालदार. तुझ्या आजोबांच्या वेळचा. आखाजीला साल ठरायचं, उचल घ्यायचा, ती फिटायच्या आत पुढची आखाजी यायची. त्याची वही तुझ्या आजोबांकडे होती. रात्री खळ्यावर राखणीला असायचा. त्याच्याजवळ पत्र्याचा डबा होता, त्यावर बोटं वाजवत गायचा. मी लहान, जेवण द्यायला जायचो. मी आलो की गाणं थांबवायचा.

ताई: का?

मामा: मालकाचा पोरगा होतो.

यावर दोघंही काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्या दिवसातला खरा निबंध हाच होता. बहिणाबाईंना सोपानदेव मिळाले, कारण लिहिणारा पोटचा होता. लोमॅक्सपुढे मडी वॉटर्स गायला, कारण यंत्र घेऊन आलेला माणूस मळ्याचा मालक नव्हता. खळ्यावरच्या माणसाचं गाणं ऐकायला जो रोज जात होता, त्याच्यापुढेच ते म्हणता येत नव्हतं.

ताई: मी शीर्षक बदलते.

मामा: काय करतेस?

ताई: अजून नाही ठरवलं. पण बहिणाबाई ठेवणार आहे. त्यांनी छापखान्यावर गाणं केलं, मामा. लिहिता न येणाऱ्या बाईने! येणाऱ्या नव्या वस्तूकडे इतक्या कौतुकाने बघणारी बाई आज असती तर तिने डीजेवरही केलं असतं.

मामा: केलं असतं. आणि बोंडअळीवरही. तेवढं माझ्याकडून लिही.

ताई: सुरतेचं मात्र मी नुसतं तुमच्या शब्दावर लिहिणार नाही. मला ती गाणी लिहून घ्यायची आहेत. यूट्यूबवरची नाहीत. लूम बंद झाल्यावर खोलीत जी म्हणतात ती. असतील तर.

मामा: वैशाखात उधन्याला लग्न आहे आपल्यात. हळदीला वऱ्हाडात खुर्ची टाकून बसू नकोस. मंडपामागे स्वयंपाकाच्या चुलीजवळ पोरं बसतात, दोंडाईच्याकडची, तिथे जा. आणि प्राध्यापक आहेस असं सांगू नको.

ताई: मग काय सांगू?

मामा: सांग, जळगावच्या जिनातल्या माणसाची भाची आहे. नाहीतर नको, तेही सांगू नको.